पश्चिमेकडून टाकलेले पत्रे

१५ एप्रिल, मंगळवार

ही वही कॉलेजच्या प्रॅक्टिकलची आहे. लिहिलेली बारा पानं स्टेपल करून टाकलीत, उरलेली माझी. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला आकृतीसाठी कोरं पान. आकृती काढणार नाही.

काल जयंतीची मिरवणूक. नाक्यावर ट्रक थांबलेला, सगळे नाचून घामाघूम, आणि कल्पिता पाण्याच्या बाटल्या वाटत होती. पहिली बाटली तिने प्रेमला दिली. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. तिने हात सरळ पुढे केला असता तर बाटली आधी माझ्यापर्यंत आली असती, म्हणजे तिने तो वळवला. मला तिसरी मिळाली, ती पण अर्धी प्यायलेली. मग प्रेम तिच्या कानाजवळ काहीतरी बोलला आणि ती ओढणी तोंडावर धरून हसली. डीजेच्या आवाजात कानाजवळ बोलावंच लागतं हे मला पण कळतं. पण हसायला डीजे सांगत नाही.

प्रेम आमच्याच वस्तीतला. वेल्डिंग करतो, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, हातावर ठिणग्यांचे बारीक काळे डाग. टेकडीच्या पायथ्याला पप्पांनी पूर्वी घेतलेल्या जागेवर आमचं नवं घर उभं राहतंय. भिंती झाल्या. छपराचा लोखंडी सांगाडा, म्हणजे कैच्या, प्रेमनेच जोडल्यात. त्यावर पत्रे पण तोच टाकणार असं पप्पांनी ठरवलेलं.

आज जेवताना मी बोललो, "पत्रे मी टाकतो."

पप्पा कोपरीला एका सोसायटीत वॉचमन आहेत. दमून आलेले. "तू?" एवढंच बोलले.

"मोबाइलवर सगळं आहे. मशीन घेतली की स्क्रू मारायचे. त्यात काय."

"कैच्या त्याने केल्या, मग पत्र्याला तू कशाला मध्ये?"

"घर आपलं आहे म्हणून."

आईने माझ्याकडे बघितलं. पप्पांनी घास तसाच हातात धरला. जानेवारीत मी कॉलेज सोडल्यापासून मी स्वतःहून काही करतो बोललेलो नाही, ते त्यांच्या लक्षात आलं असणार. मग बोलले, "बारा मेला बुद्ध पौर्णिमा. त्या दिवशी राहायला जायचं. तोपर्यंत डोक्यावर छप्पर पाहिजे."

मिळेल. आणि त्याच दिवशी, त्याच छपराखाली, मी कल्पिताला विचारणार. प्रेमने टाकलेल्या छपराखाली मला विचारायचं नाही. एवढं साधं आहे.

१७ एप्रिल

पत्रे आले. निळे. सोळा. छपराला दोन उतार, म्हणजे पाखं. एका पाखाला आठ, दुसऱ्याला आठ.

सुरुवात कुठल्या टोकापासून करायची, ते व्हिडिओत वेगवेगळं सांगतात. एक जण हिंदीत हवेचं काहीतरी समजावत होता, अर्ध्यात जाहिरात आली, मी बंद केलं. मी पश्चिमेकडून करणार. कारण इथे लिहायला हरकत नाही. पश्चिमेला दोन माळ्याची चाळ आहे आणि वरच्या माळ्यावर कल्पिताची गॅलरी. ती दुपारी दोनला नाक्यावरच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर कामाला जाते. तोपर्यंत घरी. पूर्वेकडून सुरुवात केली तर तिच्यासमोर यायला मला आठवडा लागेल.

१९ एप्रिल, शनिवार

दोन पत्रे बसले. पहिला पत्रा वर चढवायलाच तास गेला. दोराला बांधून ओढला, मध्येच वाऱ्याने असा फिरला की मीच खाली आलो असतो. पाय सटकला, गुडघा पाइपवर आपटला. पण स्क्रू सरळ बसले, पत्र्याच्या उंचवट्यावर, रबर नीट दाबून. खोलगटात मारायचा नाही, तिथून पाणी वाहतं. एवढं मला कळतं, मी काय येडा नाही.

अकराला ती कपडे वाळत घालायला आली.

"अरे, पडशील रे."

"पडलोच होतो मघाशी," मी बोललो. मर्दासारखं बोलायला गेलो.

"मग दोर का नाही बांधलास?"

"दोराने काय होतं."

कपडे चार होते, पण ती पंधरा मिनिटं उभी होती. मी मोजली. आज मी खूश आहे.

२० एप्रिल, रविवार

सगळी खुशी संपली.

सकाळी आठला प्रेम हजर. खांद्यावर जाड दोर, हातात जुन्या जीन्सचे कापलेले पाय. "हे गुडघ्याला बांध, पत्रा तापतो. आणि दोर कंबरेला, दुसरं टोक वरच्या मोभाच्या पाइपला." आमच्याच घरात मला शिकवतो.

"तुला कोणी बोलावलं?"

"सांगितलं म्हणून आलो," बोलला आणि दोराची गाठ बघत बसला. कोणी सांगितलं ते बोलला नाही. पप्पांनीच असणार. रविवार, ते घरी होते, आणि त्याला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. दोघं विटांवर बसून चहा प्यायले. पप्पा त्याला ते पूर्वी कामाला होते त्या कंपनीतल्या गोष्टी सांगत होते, सुताचं मशीन बंद पडलं की कसं पूर्ण खातं थांबायचं, कोण कसा मशीनला कान लावून दोष ओळखायचा. मी एकवीस वर्षांचा झालो, मला यातलं काही माहीत नाही. मी वरून ऐकत होतो. माझ्यासाठी चहा आला तो वर. कपात माशी.

पप्पा दुकानात गेल्यावर प्रेम वर आला. तीन पत्रे झालेले. हात फिरवून बघितला आणि बोलला, "सुरुवात इकडून का केलीस?"

"माझं घर आहे. मला पाहिजे तिकडून करीन."

"तसं नाही रे. वारा कुठून..."

मी ड्रिल मशीन चालू केली. तो थांबला. मी बंद केली की तो तोंड उघडायचा, मी परत चालू करायचो. चार वेळा झालं. मग तो उतरून गेला.

एक गोष्ट बघून ठेवलीय. तो वर अर्धा तास होता आणि गॅलरीकडे एकदाही बघितलं नाही त्याने. कल्पिता तिथे केस विंचरत उभी होती, कोणीही बघितलं असतं. इतकं न बघणं म्हणजे काहीतरी आहे. ज्याच्या मनात काही नाही तो सहज बघतो.

२३ एप्रिल

पाच पत्रे. उन्हाने मान सोलली.

कल्पिता खाली आली होती, आईला ताक द्यायला. मला बोलली, "प्रेम काय बोलला मग? बरोबर चाललंय ना काम?"

"तुला कसं माहीत तो आलेला?"

तिने ताकाचं भांडं खाली ठेवलं. "दिसला गॅलरीतून."

दिसला. म्हणजे ती बघत होती. केस विंचरताना ती त्याला बघत होती, आणि मी समजत होतो मला बघते. आणि पाय सटकला ते मी फक्त तिला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी तो दोर घेऊन येतो. म्हणजे तिने त्याला सांगितलं, दोघं हसले असतील, बघ कसा पडला.

मी बोललो, "त्याच्या सल्ल्याची एवढी काळजी असेल तर त्याचंच छप्पर बघायला जा."

"ऋतुराज, तू कधीतरी एखादं वाक्य पूर्ण ऐकत जा," ती बोलली आणि ताकाचं भांडं तिथेच ठेवून गेली.

मी ताक प्यायलो नाही. आईने प्यायलं.

२४ एप्रिल

चारला नाक्यावर स्क्रू आणायला गेलेलो. प्रेम तिच्या सेंटरमध्ये खुर्चीवर बसलेला. ती कॉम्प्युटरवर बोट दाखवून काहीतरी समजावत होती, तो मान डोलवत होता, शाळेतल्या पोरासारखा. बाहेर चार माणसं रांगेत उभी, त्यांचं काम नाही करत, याचं करते. मी समोरच्या दुकानात वीस मिनिटं उभा राहिलो. दुकानदाराने शेवटी विचारलं, काय पाहिजे. स्क्रू पाहिजेत हे मी विसरलेलो.

आईला संध्याकाळी सहज विचारलं. ती बोलली, "प्रेम बारावीला बसणार आहे बाहेरून. त्याची आई मीराबाई सांगत होती. फॉर्म भरायचा असेल."

कल्पिता माझा फॉर्म भरायला पण दोनदा बोललेली. परत कॉलेजचा. मी नको बोललो. आता तिला भरायला दुसरा मिळाला.

२६ एप्रिल

एक पाख पूर्ण. आठ पत्रे. पप्पा अंधारात आले तरी बॅटरी मारून बघत होते, बराच वेळ. "सरळ आलेत," बोलले. वर्षभरात मी त्यांच्या तोंडून असलं काही ऐकलेलं नाही.

हे सगळं चांगलं चाललेलं असताना तो परत आला. खालूनच बोलला, "एक बाजू झाली ना. पश्चिमेकडून पाण्याचा पाइप मारून बघ एकदा. आत्ता आठच काढायला लागतील, नंतर सोळा."

"जळतंय का तुझं?" मी विचारलं.

तो हसला नाही. "पाइप मारून बघ," परत बोलला आणि गेला.

पाइप मारला नाही. का मारू?

२८ एप्रिल

दोन पत्रे. ती गॅलरीत आली नाही.

२९ एप्रिल

दोन पत्रे. आली, पण फोनवर बोलत होती. हसत होती.

३० एप्रिल, बुधवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी नऊला मी वर होतो. चाळीच्या फाटकाशी कल्पिता आणि प्रेम. तिचा आज कल्याणला पेपर होता, पाठीला बॅग. ती त्याला काहीतरी विनवून सांगत होती, आमच्या छपराकडे हात करून. तो नाही-नाही मान हलवत होता. मग तिने त्याच्या दंडाला हात लावला. दोन सेकंद. त्याने मान खाली घातली आणि हो बोलला. मला ऐकू नाही आलं, पण हो बोलताना माणूस कसा दिसतो ते कळतं.

त्यानंतर मी चार स्क्रू वाकडे मारले.

साडेबाराला मी खाली पाणी पीत होतो. तो आला, माझ्याशी एक शब्द न बोलता शिडीवर चढला, खिशातून पाना काढला आणि पहिल्या पत्र्याचे स्क्रू सोडवायला बसला.

"ए, काय करतोस?"

"दोन पत्रे उलटे करून दाखवतो. तू ऐकत नाहीस, निदान बघ."

माझा पहिला पत्रा. जो मी तिच्यासमोर बसवलेला. डोक्यात एकदम पांढरं झालं. मी शिडी उचलली आणि चालायला लागलो. चाळीच्या मागे नेऊन आडवी टाकली आणि नदीकडे गेलो.

बारा फूट उंची आहे. खाली सगळीकडे सळयांचे तुकडे आणि संडासाच्या टाकीचा खड्डा. उडी मारता येत नाही, हे मला शिडी उचलताना माहीत होतं. लिहायचं ठरवलंय तर हे पण लिहितो.

नदीवर झाडाखाली बसलो. आता तो हाक मारेल, विनवण्या करेल, मग मी जाईन, असं वाटत होतं. इतक्या लांब हाक ऐकू येणार नाही हे नंतर लक्षात आलं. एक तास झाला. सव्वा असेल. खरं तर पावणेदोन.

परत आलो तर शेजारचे काळुराम म्हात्रे, म्हातारे आगरी गृहस्थ, त्यांनी स्वतःची शिडी लावून त्याला उतरवलेलं. भर उन्हात चाळीची सगळी दारं बंद; ते लग्नावरून आले आणि वर माणूस दिसला म्हणे. प्रेम भिंतीच्या सावलीत बसलेला, दोन्ही पंजे बादलीत. तळव्यांना फोड आलेले. कडेला टेकून बसायचं तर तापल्या पत्र्याला धरूनच बसावं लागतं.

म्हातारा मला बोलला, "शिरी कोनी कारली रं?"

"विसरलो मी. कामाला पाहिजे होती तिकडे."

"शिरी काय चप्पल हाय, इसराला?"

प्रेम बोलला, "सरकली असेल, काका. जाऊ दे." माझ्याकडे बघितलं पण नाही. मला वाचवायला याला कोणी सांगितलं? शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर मी पण मारलं असतं, हिशेब झाला असता. हा चांगला होऊन बसला. आता सगळ्यांच्या नजरेत तो अजून वर.

१ मे

म्हाताऱ्याने पप्पांना सांगितलं.

पप्पांनी आज सुट्टी घेतली. ओरडले नाहीत. काळुरामांच्या नळाला पाइप जोडला, त्यांच्या ओट्यावर, म्हणजे पश्चिमेला उभे राहिले आणि मला बोलले, "आत जा. मध्ये उभा राहा."

मी आत गेलो. त्यांनी अंगठ्याने पाइपचं तोंड दाबून छपरावर फवारा मारला, जोरात, वाऱ्यासारखा आडवा. तीन-चार सेकंद काही नाही. मग पहिल्या जोडातून धार आली. मग दुसऱ्या. मग सगळ्या जोडांतून एकाच वेळी. माझ्या मानेवर, नव्या चुन्याच्या भिंतीवर, आईने देव्हाऱ्याच्या जागी बुद्धांच्या मूर्तीसाठी केलेल्या कोनाड्यात.

पाइप बंद करून ते आत आले. "आपल्याकडे वारा कुठून येतो?"

"पश्चिमेकडून."

"पहिला पत्रा पूर्वेला टाकायचा. मग पुढचा त्याच्यावर चढतो आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून बसतं. तू सगळी तोंडं वाऱ्याकडे उघडी ठेवलीस. का?"

कारण सांगता येण्यासारखं नव्हतं.

"प्रेम सांगायला आलेला?"

"तीन वेळा."

"काढ सगळे."

मग विटेवर बसले. म्हणाले, "कॉलेज सोडलंस तेव्हा बोललास, सर अन्याय करतात. मी विचारलं नाही. पोरगं बोलतं तर असेल. आज विचारतो. काय केलेलं सरांनी?"

मी खरं ते सांगितलं. प्रॅक्टिकलचं जर्नल परत लिहून आण बोललेले, चुका होत्या म्हणून. बारा पानं. सगळ्यांसमोर बोलले. मी बाहेर पडलो तो परत गेलोच नाही.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि डोक्यावरून हात फिरवला. स्वतःच्या. मग टोपी घालून बाहेर गेले.

२ मे

प्रेमच्या घरी गेलो. मीराबाईंनी दार उघडलं. "ये बाळा. बघ ना, तापलेल्या लोखंडाला हात लावला याने कामावर. एवढा मोठा झाला तरी लक्ष नाही." त्याने घरी हे सांगितलेलं. मला त्यांनी पोहे दिले. पोहे गिळणं इतकं कठीण असतं हे माहीत नव्हतं.

प्रेमचे दोन्ही हात पट्टीत. मी बोललो, "चुकलं."

"हं."

"तुझं काम अडलं असेल."

"शीळफाट्याला शेड आहे एक. उद्यापासून चार दिवस. पाना धरता येत नाही."

"मी येतो. तू सांग, मी करतो."

त्याने विचार केला. "ये. पण मी बोलतो तेव्हा मशीन बंद ठेवायची."

४ मे

शीळफाट्याची शेड प्रचंड आहे, आमची अशी वीस घरं बसतील. तो खाली उभा राहून सांगतो, मी वर. ट्रकच्या धुळीने डोळे भरतात. काल पहिल्यांदा मी काही न बोलता दिवसभर ऐकलं. "वारा निघून जातो त्या टोकाला सुरुवात. वारा येतो तिथे शेवट." दोन वाक्यं आहेत. ड्रिल बंद ठेवली असती तर वीस एप्रिललाच मिळाली असती.

जेवताना डब्याचं झाकण मी उघडून दिलं त्याला. घास त्याला चमच्याने घ्यावा लागतो. विचारलंच शेवटी, "कल्पिताने तुला काय सांगितलेलं त्या दिवशी? फाटकाशी?"

"बोलली, तो माझं ऐकत नाही, तुझं पण ऐकत नाही, पण पौर्णिमेला सगळ्यांसमोर त्याची लाज जायला नको. दोन पत्रे उलटून दाखव. मी नको बोलत होतो."

"दोर पण तिनेच?"

"दोर पण."

मग माझ्यासाठी. सगळं माझ्यासाठी होतं. मला हवेत गेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी वाटलं, मग दंडाला हात का लावायचा? मला नाही लावला कधी. मी त्याला विचारलं, "तुझ्या मनात नाही ना काही?"

तो डबा बंद करायचा प्रयत्न करत होता, बोटांना जमत नव्हतं. "ऊन उतरायच्या आत तो कोपरा संपव," बोलला.

'नाही' बोलला असता तर एका शब्दात झालं असतं.

१० मे

शीळफाटा सहाला संपवला. तेव्हापासून पहाटे पाचला छपरावर चढतो, अकराला उतरतो. बाराच्या बारा पत्रे काढले, चार न टाकलेले होते. सोळाही पूर्वेकडून टाकले. मोभावरची वाकवलेली पट्टी बसवली. जुन्या स्क्रूंची जी भोकं उघडी राहिली ती रबराचा लेप लावून बुजवली. खालून बघितलं तर निळ्यावर काळे ठिपके दिसतात, एका ओळीत. पप्पा बोलले, राहू दे, रंग नको मारू.

पाइप मारला. मी आत उभा होतो. एक थेंब नाही.

गॅलरीत कोणी नव्हतं. त्या दिवसापासून कपडे तिची आई वाळत घालते.

१२ मे, पौर्णिमा

सकाळी वंदना झाली. वस्तीतली पन्नास-साठ माणसं, बायका पांढऱ्या साड्यांत, आईने खीर केलेली. पप्पा येईल त्याला वर बोट दाखवून सांगत होते, "पोराने टाकलेत. दोनदा." दुसरा शब्द पण तेवढ्याच अभिमानाने सांगत होते, ते मला कळलं नाही. काळुराम म्हात्रे लोकांना शिडीची गोष्ट सांगत सुटलेले. प्रेम खीर वाढत होता, पट्ट्या निघालेल्या.

कल्पिता तिच्या आईबरोबर आली. मी मागच्या बाजूला पाण्याच्या पिंपाशी तिला गाठलं. जे बोलायचं म्हणून महिनाभर पाठ केलेलं, त्यातलं एक पण वाक्य आलं नाही. सरळ विचारलं.

ती बोलली, "एक महिन्यापूर्वी विचारलं असतंस तर मी हो बोलले असते. बाटल्या वाटत होते ना जयंतीला, तेव्हा पण. प्रेमला बोललेले मी, हा विचारतच नाही रे. तो बोलला, तूच विचार मग. त्यावर हसलेले."

"मग आता काय झालं? मी सगळं परत केलं. त्याच्या कामावर गेलो. माफी मागितली."

"छप्पर चांगलं झालंय."

"मग?"

"तू माझ्यावर चिडलेलास, ऋतुराज. आणि शिडी त्याची काढलीस. मी पेपर लिहीत होते आणि मी पाठवलेला माणूस वर भाजत होता." ती रागाने बोलत असती तर बरं झालं असतं. "उद्या तुझ्याबरोबर मी वर असणार. आणि शिडी कायम तुझ्या हातात. मला भीती वाटते रे."

"मी परत असं करणार नाही."

"नसशील करणार. पण मी वर बसून रोज खाली बघत राहीन, आहे का शिडी."

मग तिने पिंपातलं पाणी घेतलं, हात धुतले आणि बायकांत जाऊन बसली. निघताना आईच्या पाया पडली. खीर संपवून गेली, टाकली नाही.

१३ मे

ती नाही बोलली म्हणजे तो मोकळा. रात्रभर हेच. पहाटे ठरवलं, होऊन जाऊ दे एकदाचं, म्हणजे जळायचं काम तरी संपेल. सकाळीच त्याच्याकडे गेलो. तो ओट्यावर बसून तळव्याची मेलेली कातडी सोलत होता.

मी बोललो, "तिने मला नाही म्हणून सांगितलं."

"कळलं."

"आता तू विचार. मी मध्ये येणार नाही."

"ती काय पत्रा आहे का? याच्या घराला बसला नाही, त्याच्या घरावर टाका." बराच वेळ कातडी सोलत राहिला. मग बोलला, "मी विचारलेलं."

"कधी?"

"ऑक्टोबरात. दीक्षाभूमीवरून परत येताना, बसमध्ये. तू मागच्या सीटवर झोपलेलास. तोंड उघडं टाकून."

ती बस मला आठवते. खिडकीच्या जागेवरून मी अर्धा रस्ता भांडलेलो आणि मग झोपलेलो.

"काय बोलली?"

"नाही बोलली."

"का?"

"तुझ्यामुळे. मी बोललो, त्याच्यात काय आहे असं? मागे वळून बघितलं तिने तुझ्याकडे आणि एक वाक्य बोलली."

"काय?"

"ते मी सांगणार नाही."

मला वाटलं मस्करी करतो. "अरे, माझ्याबद्दल बोलली ना? मग माझं आहे ते."

"तुझ्याबद्दल आहे. पण बोलली मला." त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "माझ्याकडे तिचं तेवढंच आहे, ऋतुराज. ते मी देत नाही."

मी दोन तास बसलो तिथे. विनवलं, शिव्या घातल्या, शेवटी हात जोडले. मीराबाई दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. तो नाही म्हणजे नाही. सात महिने ते वाक्य त्याच्याकडे आहे. आमच्या कैच्या जोडताना होतं, दोर बांधायला आला तेव्हा होतं, तापल्या पत्र्यावर पावणेदोन तास बसलेला तेव्हा पण ते त्याच्याकडेच होतं.

मग तो उठला, शर्ट घातला आणि कामाला गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. इतका मी त्याच्यावर कधीच जळलो नव्हतो.